स्प्रिंगची मुदत

मेहकरहून चिखलीकडे जाताना लागणारे हिवरा आश्रम हे गाव बाहेरच्या जगाला ठाऊक आहे ते शुकदास महाराजांनी तेथे उभारलेल्या विवेकानंद आश्रमामुळे, आणि विवेकानंद जयंतीच्या उत्सवात अफाट जनसमुदायाच्या पंगतीला ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांतून पुरी आणि वांग्याच्या भाजीचा जो महाप्रसाद वाढला जातो, त्यामुळे. परंतु जेथे शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे नांदतात तेथे पगारदार माणसे वस्तीला येतात, पगारदारांच्या दारात वाहने येतात, आणि दारात आलेले वाहन आज ना उद्या म्हातारे होतेच, त्यामुळे मोटारदुरुस्तीच्या प्रश्नांनाही अशा गावात सत्संगाइतकेच जिज्ञासू श्रोते मिळतात. त्या प्रश्नांपैकी एक, दिसण्यात अगदी किरकोळ, असा आहे की जुन्या इंजिनाच्या झडपांवरील स्प्रिंगा केव्हा बदलाव्यात, आणि बदलायच्याच तर सरसकट सर्व बदलाव्यात की चौकशीअंती ज्या अपात्र ठरतील तेवढ्याच.

या प्रश्नावर दोन पक्ष आहेत, आणि ते दोन्ही पक्ष मी दोन कल्पित गृहस्थांच्या तोंडी घातले आहेत. पहिले गृहस्थ विज्ञानाचे निवृत्त शिक्षक. त्यांना आपण नुसते गुरुजी म्हणू. दुसऱ्यांचे आयुष्य एस. टी.च्या कार्यशाळेत गेले आणि पेन्शनीत आल्यावर त्यांनी रस्त्याकडेला पत्र्याच्या शेडखाली स्वतःचे गॅरेज थाटले, ते मिस्त्री. मिस्त्रींची वऱ्हाडी बोली माझ्या लेखणीला पेलत नाही, म्हणून त्यांचे म्हणणे मी ग्रांथिक मराठीत उतरवले आहे. त्या भाषांतरात जो तिखटपणा गळाला असेल, तो वऱ्हाड पाहिलेल्या वाचकांनी आपल्या आठवणीतून घालून घ्यावा.

वादविषय झालेली गाडी प्रीमियर पद्मिनी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने ज्या मोटारी निघाल्या, त्यांतील ही सर्वांत लोकप्रिय; इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, सिलिंडर चार, झडपा आठ. प्रत्येक सिलिंडरला एक झडप हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत घेण्यासाठी आणि दुसरी जळालेला वायू बाहेर सोडण्यासाठी, अशी ही व्यवस्था असून, कॅमने ढकललेली काठी रॉकरला उचलते, रॉकर झडपेला दाबतो आणि झडप उघडते. येथपर्यंत सर्व कारभार सक्तीचा आहे, कारण लोखंड लोखंडाला ढकलते. मिटण्याच्या वेळी मात्र कॅम केवळ मागे सरतो. झडपेने त्याच्या पाठोपाठ जावे आणि आपल्या बैठकीवर घट्ट टेकावे, ही जबाबदारी सर्वस्वी स्प्रिंगकडे असते.

गुरुजी : मिस्त्री, मलकापूरहून बुलडाण्याकडे येताना राजूर घाटात दुसऱ्या गिअरमध्ये गाडी एका मर्यादेपर्यंत निमूटपणे चढते, परंतु त्यापुढे पाय दाबला की फटफट आवाज करून धापा टाकू लागते, आणि पाय सैल करताच जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू लागते. घाट संपल्यावर तर तक्रार करायलाही पुरावा उरत नाही.

मिस्त्री : ही मर्यादा ओझ्याची आहे की वेगाची, ते आधी ठरवू. तीच चढण तिसऱ्या गिअरमध्ये, इंजिन हळू फिरत असताना, ओढून पाहिलीत काय?

गुरुजी : पाहिली. रडत चढते; पण फटफटत नाही.

मिस्त्री : मग पेट्रोल कमी पडत नसावे, कारण ओझ्याखालीही ते पुरते आहे. जास्त फेऱ्यांवरच बिघडते, तेव्हा एकतर ठिणगी वेळेवर पडत नाही, नाहीतर झडप वेळेवर मिटत नाही. यांत पहिला संशय ठिणगीवर घ्यावा, कारण तिची चौकशी स्वस्तात होते. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटलाही एक चिमुकली स्प्रिंग असते आणि ती ढिली पडली तर पॉइंट उंच वेगात उडत राहतात. गाडीची कैफियत मात्र हुबेहूब हीच. हेड खोलून स्प्रिंगा बदलल्यावर दोष पॉइंटचा निघाला, अशी प्रकरणे मी एस. टी.त असताना खाजगी गाड्यांची पुष्कळ पाहिली आहेत.

गुरुजी : पॉइंट आणि कंडेन्सर तर तुम्हीच मागच्या महिन्यात नवे घातले.

मिस्त्री : म्हणूनच त्यांच्यावरचा संशय मी मागे घेतो. टॅपेटची फटही तेव्हाच फिलर गेजने लावली होती. आता व्हॅक्यूम गेज लावून पाहिले, तर इंजिन संथ फिरताना काटा स्थिर राहतो आणि फेरे वाढवत नेले की थरथरू लागतो. वेगाबरोबर वाढणारी ही थरथर ढिल्या स्प्रिंगांचे लक्षण आहे. तेव्हा माझी तजवीज ऐका : आठही झडपांच्या स्प्रिंगा नव्या घाला.

गुरुजी : आठही! एकदोघांच्या अपराधासाठी सगळ्या कचेरीला बडतर्फ करण्याचा हा प्रकार झाला. प्रत्येकीची स्वतंत्र चौकशी व्हावी, तिची जबानी घ्यावी, आणि जी दोषी ठरेल तिलाच काढावे, असा माझा आग्रह आहे.

मिस्त्री : स्प्रिंग जबानी देत नाही, गुरुजी. ती चालते तोवर चालते, आणि तुटते तेव्हा तुटते.

येथे दोघांच्या शिक्षणातला भेद प्रथम प्रगट झाला. एस. टी.च्या कार्यशाळेत गाडी बिघडण्याची वाट पाहत नाहीत. ठरलेल्या मुदतीला ती डॉकिंगला येते, आणि किलोमीटरच्या हिशेबाने ज्या जिनसाची पाळी आली तो जिन्नस दिसायला कितीही धडधाकट असला तरी बदलला जातो, कारण पन्नास उतारूंसह गाडी आडरानात उभी राहिली तर होणाऱ्या नुकसानीपुढे त्या जिनसाची किंमत नगण्य असते. शाळेच्या प्रयोगशाळेतला संस्कार याच्या उलट : मोजल्याशिवाय निष्कर्ष नाही, आणि निष्कर्षाशिवाय शिक्षा नाही. दोन्ही संस्कार आपापल्या जागी आदरणीय आहेत. पंचाईत एवढीच की खाजगी मोटार ही एस. टी.ही नव्हे आणि प्रयोगशाळाही नव्हे.

गुरुजी : स्प्रिंग जबानी देत नाही हे मला मान्य नाही. रॉबर्ट हुकने १६७८ साली जो नियम प्रसिद्ध केला, तो हाच की स्प्रिंग जितकी दाबावी तितक्या प्रमाणात ती उलट जोर लावते. तेव्हा ठरावीक उंचीपर्यंत दाबल्यावर ती किती किलोंचा भार उचलते हे काट्यावर मोजले, की तिची कुवत कळली. व्हर्निअर लावून मोकळी लांबी मोजता येते, गुण्या लावून ती वाकली आहे का ते पाहता येते. एवढा पुरावा हाताशी असताना सर्वांना एकाच फर्मानाने काढून टाकणे म्हणजे पुरावा न वाचता फैसला देणे.

मिस्त्री : मोजा, मोजण्याला माझी हरकत नाही. पण थोडा हिशेब मीही सांगतो. गाडी ताशी सत्तरने चालली तर तुमचे इंजिन मिनिटाला तीन हजारांच्या आसपास फेरे मारते. कॅम त्याच्या निम्म्या गतीने फिरतो, म्हणजे प्रत्येक झडप मिनिटाला दीड हजार वेळा, सेकंदाला पंचवीस वेळा उघडते आणि मिटते. या चालीने एक लाख किलोमीटर झाले की किती वेळा होईल, ते तुम्ही काढा. तुम्ही गणितही शिकवलेले आहे.

गुरुजी : तेरा कोटींच्या घरात जाईल.

मिस्त्री : आणि त्या तेरा कोटींपैकी एकही वेळ कुठल्या एका स्प्रिंगला माफ झालेली नाही. आठही एकाच दिवशी कामावर हजर झाल्या आणि आठींनी सारखेच काम केले. दोन थकल्या तर उरलेल्या सहा ताज्या आहेत, असे कोणत्या न्यायाने म्हणायचे?

गुरुजी : पोलादाच्या न्यायाने. लोखंड आणि पोलाद यांच्यापुरते निसर्गाने एक औदार्य दाखवले आहे : ताण एका मर्यादेच्या आत राहिला, तर कोट्यवधी आवर्तनांनंतरही ते थकत नाही. झडपेची स्प्रिंग करणारे कारागीर हे जाणतात, आणि म्हणूनच क्रोम-व्हॅनेडियम किंवा क्रोम-सिलिकॉन पोलादाच्या तारेवर बारीक छऱ्यांचा मारा करून तिच्या पृष्ठभागात दाबाचा थर मुरवतात, की तेथे तडा उगवूच नये. माझ्या मळ्यात विहिरीवर किर्लोस्करांचे डिझेल इंजिन आहे. १९४६ साली खडकीला त्यांनी इंजिनाचा जो कारखाना काढला, त्याच घराण्यातले. ते मिनिटाला दीड हजार फेरे मारते, म्हणजे त्याच्या झडपा साडेसातशे वेळा हलतात, आणि त्याच्या स्प्रिंगा माझ्या वडिलांनी घेतल्यापासून त्याच आहेत.

मिस्त्री : त्या इंजिनाला गव्हर्नर आहे, दीड हजारांच्या वर जायची त्याला परवानगीच नाही. तुमच्या पद्मिनीचा गव्हर्नर म्हणजे तुमचा पाय. आणि पोलादाचे जे औदार्य तुम्ही सांगता ते निष्कलंक पोलादाचे. गाडी पावसाळाभर शेडमध्ये उभी राहते, त्या वेळी दोनतीन झडपा उघड्या स्थितीत असतात, म्हणजे त्यांच्या स्प्रिंगा चार महिने दाबलेल्याच. त्यात तारेवर ओल धरून गंजाचा एखादा ठिपका पडला की तडा तेथूनच सुरू होतो. तो ठिपका तुमचा काटा दाखवील काय? काटा सांगेल, स्प्रिंग पास. आणि पंधरा दिवसांनी ती तुटेल.

गुरुजी : काटा नाही दाखवणार, पण भिंग दाखवील.

मिस्त्रींचा मुद्दा खरा आहे आणि गुरुजींचे उत्तरही खरे आहे, परंतु दोन्ही सारख्या वजनाची नाहीत. गंजाचा खड्डा हे तुटण्याचे खरे कारण असते, आणि स्वच्छ पुसलेल्या तारेवर तो बहुधा डोळ्यांना दिसतो. मात्र कडांच्या वेटोळ्यांत, जेथे तार तारेला टेकते, तेथे भिंगही फारसे पोचत नाही. म्हणून येथे मी पारडे थोडेसे मिस्त्रींकडे झुकवतो. ज्या इंजिनांत एका झडपेवर एकात एक अशा दोन स्प्रिंगा असतात, तेथे एक तुटली तरी दुसरी झडपेला धरून ठेवते, आणि तुटलेल्या तारेचे वेढे एकमेकींत अडकू नयेत म्हणून त्या दोघींचे पीळ उलटसुलट दिशांनी दिलेले असतात. जेथे एकटीवर भार आहे तेथे मात्र ती तुटली आणि झडप सिलिंडरात उतरली, तर वर येणारा पिस्टन तिला गाठतो. मग स्प्रिंगचा प्रश्न संपून इंजिनाचा सुरू होतो.

गुरुजी : बरे, तुटण्याची गोष्ट बाजूला ठेवू. ढिलाईचेच बोलू, कारण तक्रार ढिलाईची आहे. झडपेला कॅमच्या मागे धावत ठेवण्यासाठी लागणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो : फेरे दुप्पट झाले तर जोर चौपट लागतो. याचा उलट अर्थ तुमच्या ध्यानात येतो काय? स्प्रिंगने आपला दहावा हिस्सा जोर गमावला, तर झडप तरंगू लागण्याची मर्यादा जेमतेम विसाव्या हिश्शाने खाली येते. समजा, नव्या स्प्रिंगांवर हे इंजिन साडेपाच हजार फेऱ्यांपर्यंत झडपा ताब्यात ठेवीत होते. जोर एक चतुर्थांश गेला तरी ती मर्यादा पावणेपाच हजारांच्या आसपास राहते. मेहकर, लोणार, चिखली एवढे माझे राज्य. त्यात मी तीन हजारांच्या वर कधी जात नाही, घाटातला तो प्रसंग सोडला तर. उत्सवात प्रसाद वाढणारा ट्रॅक्टर पंगतीमधून माणसाच्या चालीने जातो. त्याच्या स्प्रिंगा निम्म्या ढिल्या झाल्या असल्या तरी भाविकांच्या पानात पुरी पडायची राहते काय?

मिस्त्री : गणित बरोबर आहे. पण तुम्ही फक्त धावणाऱ्या झडपेचे गणित केले, टेकलेल्या झडपेचे केले नाही. बाहेर सोडणारी झडप लाल होईपर्यंत तापते. तिची बहुतेक उष्णता ती बैठकीवर टेकलेली असते त्या वेळातच हेडमध्ये उतरते. स्प्रिंग ढिली म्हणजे टेकण्याचा दाब कमी, दाब कमी म्हणजे काजळी चिरडली जात नाही, फट राहते, त्या फटीतून ज्वाळा जाते आणि झडपेची कड जळते. हे ताशी चाळीसच्या चालीतही होते. ट्रॅक्टरच्या पंगतीत तो दोष कळणार नाही. पुढच्या वर्षी ट्रॅक्टर सुरू करताना कळेल.

गुरुजी : यावर माझ्याकडे तत्काळ उत्तर नाही. पण एक उलटा प्रश्न आहे. या इंजिनाच्या झडपा आजवर किती वेळा घासल्या गेल्या?

मिस्त्री : माझ्या हातून दोनदा. त्याआधी कुणी घासल्या असतील तर त्याचे दप्तर नाही.

गुरुजी : प्रत्येक घासणीत बैठक आणि झडप दोन्ही किंचित झिजतात, झडप हेडमध्ये खोल बसते आणि तिची दांडी वर अधिक निघते, म्हणजे स्प्रिंगला बसायची जागा लांबते आणि ती पूर्वीपेक्षा कमी दाबली जाते. समजा स्प्रिंग सेंटिमीटरला वीस किलो या दराने जोर देते. तर जागा एका मिलिमीटरने वाढताच दोन किलो जोर गेला. यात स्प्रिंगचा अपराध काय? अशा वेळी नवी स्प्रिंग घातली तरी तीही ढिलीच वाटणार. तिच्याखाली योग्य जाडीचा वॉशर घातला तर जुनीही चोख काम देईल.

मिस्त्री : हा मुद्दा मला पटला, आणि पटला म्हणून सांगतो की स्प्रिंगची उंची मी बसवल्या जागी मोजूनच पाहीन. पण वॉशर जाड झाला आणि झडप पुरती उघडली असताना वेढ्याला वेढा टेकला, तर काठी वाकेल किंवा रॉकर मोडेल. वॉशर हे औषध आहे, जेवण नव्हे.

गुरुजींनी यानंतर थोडे विषयांतर केले. १९५४ साली मर्सिडीजने आपल्या शर्यतीच्या गाडीत झडप मिटवण्याचे काम स्प्रिंगकडून काढून घेऊन दुसऱ्या कॅमकडे सोपवले. त्यानंतर दोनच वर्षांनी फाबिओ ताल्योनी या अभियंत्याने तोच विचार डुकाटीच्या मोटारसायकलीत आणला. आणि १९८० च्या दशकात रेनोने शर्यतीच्या इंजिनात स्प्रिंगच्या जागी दाबलेली हवा बसवली. जेथे फेऱ्यांची हाव अमर्याद झाली तेथे स्प्रिंगला रजा मिळाली, असे त्यांचे प्रतिपादन होते, आणि त्यातून त्यांना असे सुचवायचे होते की स्प्रिंगचा दोष हा नेहमी मागणीच्या संदर्भात दोष असतो. मिस्त्रींनी ते सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ती मंडळी शर्यत संपली की इंजिन खोलतात, आपण दहा वर्षांत एकदा खोलतो. त्यांना स्प्रिंग एक दिवस टिकली तरी चालते. या उत्तरात वरवर गुरुजींचे खंडन आहे, पण मला ते त्यांचे समर्थन वाटते, आणि मिस्त्रींच्याही ते लक्षात आले असावे, कारण त्यांनी लगेच प्रत्यक्ष कामाकडे मोर्चा वळवला.

कॉम्प्रेशन गेज चारही सिलिंडरांवर लावून पाहिले असता आकडे चांगले आणि परस्परांजवळचे आले. म्हणजे झडपांची कड अद्याप जळली नव्हती आणि हेड उतरवण्याचे कारण नव्हते. हेड न उतरवता स्प्रिंग काढण्याची युक्ती अशी. रॉकरचा दांडा सोडवला की सर्व झडपा मिटतात. मग ज्या सिलिंडरवर काम करायचे त्याचा पिस्टन वर आणून प्लगच्या छिद्रातून हवेचा दाब सोडतात, म्हणजे स्प्रिंग काढल्यावरही झडप खाली पडत नाही. परंतु तीच हवा पिस्टनला खाली रेटून इंजिन फिरवू पाहते, म्हणून गाडी गिअरमध्ये घालून हातब्रेक ओढून ठेवावा लागतो. ज्यांच्याकडे हवेचा पंप नाही ते पिस्टन थोडा खाली असताना सुती दोरी छिद्रातून आत सोडतात आणि हाताने इंजिन फिरवून त्या दोरीच्या गुंडाळीवर झडपेला टेकू देतात. मिस्त्रींचा कल दोरीकडे, कारण वीज गेली तरी दोरी दगा देत नाही. आणि आमच्या भागात हा विचार अस्थानी म्हणता येणार नाही. दोरीचे एक टोक मात्र बाहेर राहिले पाहिजे. काठ्यांची छिद्रे फडक्याने बुजवायची, व्हॉल्व्ह लिफ्टरने कॅप दाबायची, आणि दांडीच्या खाचेतले दोन लहानसे लॉक चुंबकाने उचलून घ्यायचे. त्यांतला एक जरी उडून तेलाच्या चेंबरमध्ये पडला, तर स्वस्तातले काम महागात जाते.

स्प्रिंगा निघाल्यावर गुरुजींची चौकशी सुरू झाली आणि येथे त्यांना मिस्त्रींकडूनच एक नवी रीत शिकायला मिळाली. काटा आणण्यापूर्वी मिस्त्रींनी डब्यातून एक नवी स्प्रिंग काढली, जुनी आणि नवी यांची तोंडे एकमेकींना लावून मध्ये सपाट वॉशर ठेवला आणि दोघी मिळून बेंच व्हाइसमध्ये आवळल्या. दोघींवरचा जोर व्हाइसमध्ये अपरिहार्यपणे सारखाच. तेव्हा जी अधिक आखडली ती अशक्त. किलोचा आकडा न वापरता केलेली ही रुजुवात इतकी निर्विवाद आहे की हुकचा नियम शिकवताना ती वर्गात दाखवायला हवी होती, अशी हळहळ गुरुजींनी व्यक्त केली. निकाल असा लागला : दोन स्प्रिंगा, दोन्ही बाहेर सोडणाऱ्या झडपांवरच्या, ठळकपणे आखडल्या, उरलेल्या सहा नवीच्या जवळपास राहिल्या. गुरुजींनी काट्यावरही त्या तपासल्या आणि प्रत्येकीचा भार वहीत टिपला.

गुरुजी : झाले. दोन अपराधी सापडले, आणि ते नेमके तेथेच सापडले जेथे उष्णता अधिक. दोन बदला, सहा ठेवा, आणि टॅपेट लावून द्या.

मिस्त्री : एक विचारू? घाटात पाय दाबण्याचे कारण काय पडले? तुम्ही तर कधी घाई करत नाही.

गुरुजी : सराव करीत होतो. पुढच्या महिन्यात नागपूरला जायचे आहे आणि समृद्धी महामार्गाने जावे असा विचार आहे. मेहकरजवळच चढता येते. तीनचार तास शंभराच्या चालीने गाडी चालेल की नाही ते पाहावे म्हटले.

मिस्त्री : हे तुम्ही आता सांगता!

मला असे वाटते की वादाचा निकाल याच वाक्याला लागला, जरी दोघेही त्यानंतर बराच वेळ बोलत राहिले. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी या टप्प्याने वाहतुकीला खुला झालेला आणि जून २०२५ मध्ये पूर्णत्वाला गेलेला हा ७०१ किलोमीटरांचा रस्ता बुलडाणा जिल्ह्यातून जातो, आणि त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरपर्यंत मुभा आहे. जुन्या रस्त्यावर खड्डा, बैलगाडी, एस. टी. आणि गावाची वेस हे सर्व मिळून इंजिनाचे गव्हर्नर होते. तासातून कित्येकदा पाय आपोआप सैल होई आणि स्प्रिंगला उसंत मिळे. नव्या रस्त्यावर पद्मिनी शंभराने पळवली तर इंजिन चार हजारांच्या वर सलग फिरणार, तेल तापणार, तापलेल्या स्प्रिंगा आणखी ढिल्या होणार, आणि घाटात क्षणभर जे घडले ते तासन्‌तास घडण्याच्या काठावर राहणार. गुरुजींचे गणित चुकले नव्हते. त्यांनी ज्या राज्यापुरते ते मांडले, त्या राज्याची सीमा त्यांनी स्वतःच ओलांडायचे ठरवले होते. स्प्रिंगची मुदत पुस्तकातल्या किलोमीटरांवर ठरत नाही आणि काट्यावरच्या किलोंवरही ठरत नाही. ती ज्या चाकरीवर तिला पाठवायचे त्या चाकरीवर ठरते, आणि ही गोष्ट दोघांपैकी एकाच्याही दप्तरात नोंदलेली नव्हती.

गुरुजी : चार हजार शंभर आणि पावणेपाच हजार यांत अजून साडेसहाशेचे अंतर आहे. शिवाय दोन अशक्त बदलल्यावर ते वाढेल.

मिस्त्री : अंतर कागदावर आहे. सहांपैकी एक आजच्या मोजणीत पास आहे. चार तासांच्या उष्णतेनंतर ती कुठे असेल याची हमी तुम्ही देणार की मी? रस्त्याला कठडे आहेत, गावे नाहीत, गॅरेज नाही. तुमच्याबरोबर घरची मंडळी असतील.

गुरुजी : घरची मंडळी हा मुद्दा अप्रस्तुत आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. ठीक, आठही बदला. पण हे मी तुमच्या मुदतीच्या शास्त्राला मान देऊन मंजूर करीत नाही. प्रवासाचे स्वरूप बदलले म्हणून मंजूर करतो, एवढी नोंद असू द्या.

मिस्त्री : नोंद तुम्हीच घ्या, वही तुमच्याच हातात आहे. आणि नागपूरला शंभराने नको, ऐंशीने जा. नव्या स्प्रिंगा झडपेला आवरतील. टायर आणि ब्रेक जुनेच आहेत.

काम दुपारपर्यंत आटोपले. नव्या स्प्रिंगा बसवल्यावर त्यांची उंची जागच्या जागी मोजली गेली, दोन ठिकाणी पातळ वॉशर घालावे लागले, टॅपेट पुन्हा लावले गेले, आणि मोकळ्या रस्त्यावर गाडी उंच फेऱ्यांपर्यंत नेली तेव्हा फटफट झाली नाही. व्हॅक्यूम गेजचा काटाही थरथरला नाही. पैशांचा प्रश्न मी वगळतो, कारण त्यावर वाद झालाच नाही. वाद झाला तो उरलेल्या स्प्रिंगांवर.

गुरुजी : त्या जुन्या सहा तुम्ही डब्यात का टाकता? तुमच्या मताने त्या मुदत संपलेल्या आहेत. भंगारात घाला.

मिस्त्री : राहू द्या. वेळेला लागतात.

गुरुजी : कोणाच्या वेळेला?

मिस्त्री : इथल्याच एका पद्मिनीच्या. ती पेठेतून गोदामापर्यंत जाते, फार तर मेहकरच्या बाजाराला. तिच्या दोन स्प्रिंगा गंजल्या आहेत आणि मालकाला नव्या परवडत नाहीत. गंज नसलेल्या निवडून तिला घालीन.

गुरुजी : म्हणजे माझ्या गाडीत ज्या अपात्र होत्या त्या त्या गाडीत पात्र? सकाळपासून मी याखेरीज दुसरे काय सांगत होतो?

मिस्त्री : तुम्ही स्प्रिंगविषयी सांगत होता. मी गाडीविषयी सांगतो आहे. ती गाडी नागपूरला जात नाही.

गुरुजींनी यावर काही बोलण्याऐवजी वहीचे पान फाडले, त्यावर सहाही स्प्रिंगांचे भार क्रमाने लिहिले, प्रत्येकीला दोऱ्याने क्रमांक बांधला, आणि ज्या दोन सर्वांत सशक्त त्या बाहेर सोडणाऱ्या झडपांवर घालाव्यात अशी सूचना खाली जोडून तो कागद डब्यात ठेवायला मिस्त्रींच्या हाती दिला.